लवकर उचललेली झील

दोन हजार सात साल. पौष महिना. संक्रांत होऊन तिसरा दिवस. दिवस वर आला होता, तरी उसाच्या पाल्यावरचं दव हटलं नव्हतं.

"…मग यांना बोलायला शिकवायचं तरी कसं, वस्ताद?"

अंकुश वाटेवरूनच बोलत आला होता. चपला काढेपर्यंत त्याचं अर्धं बोलून झालं होतं. ते अर्धं आम्हाला ऐकू आलं नाही.

दौलू वस्ताद अंगणात शेकोटीजवळ बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आदी बस."

"बसतो. पण वेळ नाही, वस्ताद."

"मग हुबा ऱ्हा."

अंकुश बसला.

वस्ताद भेदिकाचे शाहीर. भेदिक म्हणजे सवाल-जवाबाचं गाणं. एका फडाचा शाहीर गाण्यातून सवाल टाकतो, समोरच्यानं गाण्यातूनच जवाब द्यायचा. आमचा फड कलगीवाल्यांचा, समोरचे तुरेवाले. मी वस्तादांच्या मागं तुणतुणं धरायचो. अंकुश पोरवयात झील धरायचा. शाहिराची ओळ संपत आली की तिचं शेपूट मागच्यांनी उचलून गायचं, ती झील. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो.

अंकुशसारखा चलाख झीलकरी आमच्या फडात दुसरा झाला नाही. शाहिराच्या ओठावर काय येणार ते त्याला आधी कळायचं.

आता तो तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. भाषण कसं करावं, चारचौघांपुढं विषय कसा मांडावा, गटचर्चेत कसं बोलावं. बक्षिसांनी त्याचं कपाट भरलेलं आहे.

त्याच्या मागं सहा जण उभे होते. चार मुलगे, दोन मुली.

"सोमवारी पुण्याची कंपनी येतेय," अंकुश म्हणाला. "टेबलाभोवती बसवतात. एक विषय देतात. कोण कसं बोलतं ते बघतात आणि निवडतात. गेल्या वर्षी आमचा एकही घेतला नाही, वस्ताद. एकही. प्राचार्य म्हणाले, यंदा तसंच झालं तर हा वर्ग बंद."

"मग बंद."

"असं कसं म्हणता! रात्रीची झोप उडालीय माझी."

"बोलत असशील झोपेत."

मुलांतलं कोणीतरी फिस्सकन हसलं. अंकुशनं मागं वळून पाहिलं. हसू थांबलं.

"पाच जण पाठवायचे आहेत," त्यानं आवाज खाली आणला. पण अंगण लहान आहे. सगळ्यांनी ऐकलं. "हे सहा आहेत. आज संध्याकाळी नावं द्यायचीत. सहावी बोलतच नाही. काय करू?"

सहावी कोण ते सांगावं लागलं नाही. निळ्या स्वेटरातल्या मुलीनं मान खाली घातली. तिच्या चपलेचा अंगठा दोऱ्यानं शिवलेला होता. बाकीच्यांना नोकरी हवी होती. हिला पगार हवा होता.

वस्तादांनी तिच्याकडं पाहिलं.

"कुणाची गं तू?"

"मी… चांदेवाडीच्या…"

"चांदेवाडीच्या हायस्कूलची," अंकुश म्हणाला. "उज्ज्वला. दहावीला केंद्रात पहिली होती. लिहिते छान. फक्त तोंड उघडत नाही."

चांदेवाडी म्हटल्यावर वस्तादांचा निखाऱ्यावरचा हात थांबला. माझाही तंबाखू मळायचा थांबला.

"चांदेवाडीत कुणाची?"

"तिथं माझे आजो…"

"आजोळी राहते," अंकुश म्हणाला. "वडील नाहीत हिला. आई आणि ही, दोघी तिथंच असतात."

मुलीनं तोंड मिटलं.

वस्तादांनी पुन्हा विचारलं नाही. सवाल दोनदा टाकायचा, तिसऱ्यांदा नाही. ही फडाची रीत.

इरफान नावाचा उंच मुलगा भिंतीकडं बघत होता. खुंटीला एक तुरा लटकत होता. एकेकाळी लाल होता. आता विटेसारखा झाला होता.

"सर, हाच का तो?"

"हाच." अंकुशचा चेहरा उजळला. "बघून घ्या. मी वर्गात सांगतो ती गोष्ट खोटी नाही."

"दर वर्षी पहिल्या तासाला सांगता, सर," दुसरी मुलगी म्हणाली. तिचं नाव स्नेहल. "आमची पाठ झालीय."

"पाठ झाली तरी ऐका. इथं, या माणसापुढं ऐका."

आणि त्यानं सांगितली. हातवारे करून, आवाज चढवून. तो चांगलं सांगतो, हे मी नाकारत नाही.

म्हसोबाची यात्रा. दुपारची वेळ, आंब्याखाली फड. समोर तुरेवाल्यांचा मोठा शाहीर. त्यानं सवाल टाकला —

ओठावर यायच्या आधी बोल कुणाच्या घरी वस्तीला असतो?

"सगळं गाव गप्प," अंकुश म्हणाला. "आमचे वस्ताद पुढं झाले. डफावर थाप मारली. 'ऐक शाहिरा, याचं उत्तर…' एवढं गायले आणि थांबले. ओळ आठवेना. आता काय? माझं वय बारा. सगळा फड माझ्याकडं बघतोय. मी झील उचलली. 'गुरूच्या घरी, जी जी रं जी!' टोप्या उडाल्या हवेत! पंचांनी उत्तर धरलं. समोरच्या शाहिरानं डफावरचा तुरा सोडला आणि वस्तादांच्या हातात दिला. याला म्हणायचं प्रसंगावधान. गटचर्चेत कोणी अडखळला की संधी आपली. समजलं?"

"समजलं, सर," पाच जण म्हणाले.

अंकुश त्या शाहिराचं नाव घेत नाही. मी घेतो. येसबा चौगुले. मुक्काम चांदेवाडी.

हरलेल्यानं तुरा द्यायचा, ही आमच्याकडची रीत. जिंकणाऱ्यानं तो आपल्या डफाला बांधून मिरवायचा. वस्तादांनी येसबाचा तुरा कधी बांधला नाही. खुंटीला लावला. तिथंच राहिला. परत करायचा म्हटलं तरी आपण नेऊन देता येत नाही, तो अपमान धरतात. समोरच्याच्या घरचं माणूस आपल्या दारात यावं लागतं. येसबा कधी आला नाही. त्या यात्रेनंतर तो कुठल्या फडावरही दिसला नाही.

का बांधला नाही, हे आम्ही विचारलं नाही. वस्तादांना असलं विचारत नसत.

अंकुशची गोष्ट संपली. वस्ताद निखारे उकरत होते.

"तू कीर्तनकार व्हायचास," ते म्हणाले. "चुकून मास्तर झालास."

"प्राध्यापक म्हणतात, वस्ताद."

"त्येच ते. बशीव पोरांना. बोलू देत. काय करत्यात बगू."

मुलं घोंगडीवर गोल करून बसली. अंकुश त्यांच्या डोक्यावर उभा राहिला.

"विषय?"

"हाय की," वस्ताद म्हणाले. "आत्ता तूच सांगितलास. ओठावर यायच्या आदी बोल कुणाच्या घरी असतो."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली.

"वस्ताद, कंपनी असले विषय देत नाही. जागतिकीकरण, मोबाइलचे फायदे-तोटे…"

"कंपनी माज्या अंगणात न्हाई."

इरफाननं सुरुवात केली. बोल मेंदूत असतो, मेंदूच्या डाव्या बाजूला असतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेलं आहे. स्नेहल म्हणाली, मी इरफानच्या मताशी सहमत आहे, पण बोल हृदयात असतो. तिसरा म्हणाला, मी दोघांशी सहमत आहे, पण बोल समाजात असतो. चौथा त्याचं वाक्य तोडून बोलायला लागला. पाचवा उभाच राहिला.

"थांबा गा," वस्ताद म्हणाले. "सहमत म्हंजे?"

"पटलं, आजोबा," स्नेहल म्हणाली.

"पटलं तर 'पण' कशाला?"

"सरांनी तसं सुरू करायला सांगितलंय," ती म्हणाली.

"बरं. चालू द्या."

पुन्हा कालवा झाला. कोणाचं वाक्य कुठं संपलं ते कळेना. मध्येच उज्ज्वलाचे ओठ हलले.

"माझे आजोबा…"

सगळे जरा थांबले. ती पुढचा शब्द शोधत होती.

"आजोबांनी लहानपणी गोष्टी सांगितल्या," अंकुश म्हणाला, "आणि त्या गोष्टींतून आपल्याला शब्द मिळतात, असं तुला म्हणायचं आहे. बरोबर? छान मुद्दा आहे. बोल ना. घाबरू नकोस."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग मान हलवली. हो अशी हलवली, नाही अशी हलवली, मला सांगता येणार नाही.

"बघितलंत?" अंकुश वस्तादांना म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या थंडीत. "मी किती मदत करतो हिला. रोज करतो. वाक्य तोंडात देतो. तरी पुढं सरकत नाही. सोमवारी त्या टेबलावर मी नसणार, वस्ताद. मग काय करेल ही? हिला पाठवून बाकीच्या पाचांचं नुकसान करू? का हिला घरी बसवू? तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते…"

वस्ताद उठले. सोप्यातून आपला डफ घेऊन आले. हात फिरवला. कातडं दवानं सैल पडलं होतं.

डफ त्यांनी अंकुशच्या हातात दिला.

"शेक."

"आत्ता?"

"आत्ता. विसरलास का कसं शेकत्यात?"

"नाही विसरलो. निखाऱ्यावर धरायचा, फिरवत राहायचा, मध्ये टिचकी मारून आवाज ऐकायचा."

"आनि?"

अंकुश थांबला. "…शेकताना बोलायचं नाही."

"का?"

"कातडं काय म्हणतं ते ऐकू येत नाही."

"मग शेक."

डफ शेकताना बोलणाऱ्याच्या पाठीत वस्तादांनी पूर्वी वेताची छडी घातलेली आहे. कातडं जास्त तापलं की उलतं. अंकुशला ते माहीत होतं. तो निखाऱ्यांजवळ उकिडवा बसला. कॉलेजची पँट गुडघ्यावर ताणली गेली.

वस्ताद मुलीकडं वळले.

"तुजे आजोबा," ते म्हणाले.

एवढंच. आणि गप्प बसले.

मुलीनं घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली.

निखारा तडतडला. कोणाच्या तरी गोठ्यात म्हैस ओरडली. इरफाननं घड्याळ पाहिलं.

"माझे आजोबा…" ती म्हणाली, आणि थांबली.

अंकुशचं तोंड उघडलं.

"डफ," वस्ताद म्हणाले.

तोंड मिटलं.

ती शांतता फार लांबली. मला आयुष्यभर तुणतुण्याची सवय. कानात एक तार सतत वाजायला लागते. त्या वेळी तीही वाजत नव्हती. स्नेहल ओढणीचं टोक पिळत होती. मुलगी आता रडणार, असं मला वाटलं. अंकुश डफ फिरवत राहिला.

"…तुरेवाले होते," ती म्हणाली.

इरफाननं मान वर केली.

"आईचे वडील. येसबा चौगुले. तो तुरा…" तिनं भिंतीकडं बोट केलं नाही. नुसतं पाहिलं. "आमच्या घरचा आहे."

अंकुशच्या हातातला डफ फिरायचा थांबला.

वाक्य पुरं झालं असं वाटत होतं. झालं नव्हतं. ती पुन्हा शब्द शोधायला लागली. अंकुशनं ओठ दातांखाली धरले. या वेळी वस्ताद 'डफ' म्हणाले नाहीत.

"सर दर वर्षी ती गोष्ट सांगतात. सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवते." तिनं स्वेटरची बाही खाली ओढली. "घरी आल्यावर आजोबांच्या पुढ्यात बसवत नाही मला."

मग ती म्हणाली, "एकदा मी त्यांना विचारलं. हरलात म्हणून गाणं सोडलंत का? ते म्हणाले…"

पुन्हा थांबली.

काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला. मी ओळखला. वस्तादांनीही ओळखला असणार. अंकुशला आला नाही. तो तिच्या तोंडाकडं बघत होता. बारा वर्षांचा असताना शाहिराच्या तोंडाकडं बघायचा, तसा नाही. तेव्हा तो ओळ पकडायला टपलेला असायचा. आता तो नुसता बघत होता.

"ते म्हणाले, मी हरलो का जिंकलो ते अजून ठरलेलं नाही. दौलू शाहीर 'याचं उत्तर' एवढं बोलून थांबला. ओळ विसरला म्हणून नाही थांबला. मी समोर होतो. मी त्याचा चेहरा बघितला. पुढचा बोल त्याच्या ओठावर आलेला होता. तेवढ्यात मागच्या पोरानं झील उचलली. पोराचा जवाब पंचांनी धरला. मी धरला नाही. सवाल मी दौलूला टाकला होता. तो बोलेल तेव्हा ठरेल."

फट् असा आवाज झाला.

डफाचं कातडं उललं होतं. इकडून तिकडं चीर गेली होती.

मुलं दचकली. अंकुशनं खाली पाहिलं, मग वस्तादांकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो डफ वस्तादांच्या वडलांचा.

वस्तादांनी डफाकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते मुलीकडं बघत होते.

"फुडं," ते म्हणाले.

"आता आजोबांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज थरथरत नव्हता. "अंथरुणावरच असतात. दिसतं. हाताला कळतं. संध्याकाळी दार उघडं ठेवायला सांगतात. कोण येणार आहे, ते सांगत नाहीत."

मग ती सरळ अंकुशकडं वळली.

"सर, विषय होता, ओठावर यायच्या आधी बोल कुठं असतो. माझा कुठं असतो ते मला माहीत आहे. तुमच्याकडं असतो. मी तो परत मागायला आले होते. पहिल्या तासापासून मागतेय."

तिचं बोलून झालं. झालं आहे हे सगळ्यांना कळलं. स्नेहलनं पिळलेली ओढणी सोडली.

इरफान काहीतरी बोलणार होता. स्नेहलनं त्याच्या हातावर हात ठेवला.

अंकुशनं उललेला डफ मांडीवर घेतला. बराच वेळ तो चिरेवर बोट फिरवत राहिला.

"उज्ज्वला," तो म्हणाला. "सोमवारी तू…"

आणि पुढं बोलला नाही. वाक्य तसंच सोडून दिलं. मी त्याला इतकी वर्षं ओळखतो. त्याला वाक्य अर्धं सोडताना मी तोवर पाहिलेलं नव्हतं.

ती थांबली. तोही थांबला.

"मी जाणार, सर," ती म्हणाली.

अंकुशनं मान डोलावली.

वस्ताद उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मी हात पुढं केला, त्यांनी तो घेतला नाही. भिंतीपाशी गेले. खुंटीवरचा तुरा काढला. त्यावरची धूळ फुंकली, धोतराच्या सोग्यानं दांडी पुसली. खुंटीमागं भिंतीवर तुऱ्याएवढी पांढरी जागा राहिली होती.

ते मुलीपुढं आले. ती उठून उभी राहिली.

वस्तादांनी डोक्याचा पटका सारखा केला. फडावर उभे राहायचे तसे उभे राहिले, एक पाय पुढं टाकून. तुरा दोन्ही हातांत धरला. मी तुणतुणं आणलं नव्हतं. डफ उललेला होता. मागं झील धरायला एकच माणूस होता, तो निखाऱ्यांजवळ बसला होता.

"ऐक शाहिरा," वस्ताद म्हणाले. "याचं उत्तर…"

थांबले.

अंकुशचे ओठ हलले. मी पाहिलं. जुनी सवय. त्यानं हाताच्या मुठीनं तोंड दाबून धरलं. डोळे भरून आले, तरी मूठ काढली नाही.

ऊन अंगणात उतरलं होतं. म्हाताऱ्या माणसाला श्वास घ्यायला जितका वेळ लागतो, तितका वेळ वस्तादांनी घेतला. कोणी मध्ये आलं नाही.

मग त्यांनी तुरा मुलीच्या ओंजळीत ठेवला.

"…माज्याजवळ न्हाई."